नऊ वर्षांचा पगार, बारा वर्षांचा पगार

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला "सोसायटीच्या आठवणी" या विषयावर दहा मिनिटं बोला म्हणून सांगितलंय. पण पाण्याची टाकी, पहिली लिफ्ट आणि २६ जुलैचा पाऊस यावर माझ्या आधीच्या दोघांनी सगळं सांगून टाकलं. म्हणून मी पैशाचं बोलतो.

मागच्या दिवाळीत माझा मुलगा घरी आला होता. तो आणि सूनबाई बदलापूरला राहतात, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. फराळ करताना विषय घरावर गेला आणि मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं, "आम्ही काटकसर केली म्हणून मुलुंडला घर झालं. तुम्हाला हॉटेलं आणि मोबाइल सुटत नाहीत." तो काही बोलला नाही. सूनबाई ताट उचलून आत गेली. रात्री मला झोप येईना, तेव्हा उठून जुनी फाइल काढली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चाळीस वर्षं टपाल खात्यात आकडेच मांडले, दुसरं येतं काय?

१९९९ साली मी हा फ्लॅट बुक केला. ५६० चौरस फूट, २,००० रुपये भाव, म्हणजे ११ लाख २० हजार. माझा पगार तेव्हा साडेदहा हजार. म्हणजे न खाता-पिता जवळजवळ नऊ वर्षांचा पगार. आज याच मिठागर रोडच्या बाजूला एवढ्याच फ्लॅटचे सव्वा कोटी सांगतात. मुलाचा पगार ८५ हजार. म्हणजे बारा वर्षांहून थोडा जास्त. पगार आठपट झाला, घर अकरापट.

कोणी म्हणेल, पण व्याज उतरलं की! खरं आहे. मी साडेतेरा टक्क्यांनी सात लाख काढले, १५ वर्षांसाठी. हप्ता नऊ हजारांच्या वर, म्हणजे हिचा शाळेतला पगार आणि माझा मिळून अर्धा तिथेच जायचा. मुलाने आज साडेआठ टक्क्यांनी ९० लाख घेतले तर दोघांच्या दीड लाखातले ७८ हजार जातील, तेही २० वर्षं. वर राहिले ३५ लाख रोख, साडेसात लाख मुद्रांक शुल्क. नवीन बांधकाम घेतलं तर पाच टक्के जीएसटी वेगळा. ते कुठून आणायचे?

मी कुठून आणले, हे पाहायला फाइल पुन्हा चाळली, आणि तिथे माझी बोलती बंद झाली. मी भरलेल्या रोख रकमेतले अडीच लाख वडिलांचे होते.

वडील गिरणी कामगार. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, पागडीची. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती, म्हणून आमचं भाडं शेवटपर्यंत तीन आकडी झालं नाही. त्यातून मालकांनी डागडुजी सोडली, भाड्यासाठी कोणी बांधेना, आणि मालकीच्या फ्लॅटचा जमाना आला. १९७६ ला कमाल जमीन धारणा कायदा आला, २००७ मध्ये गेला. तो गेला की घरं स्वस्त होणार असं आम्हाला कचेरीत छातीठोकपणे सांगणारे होते! असो. तर १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली, पण खोली राहिली. ती खोली १९९९ मध्ये त्यांनी माझ्यासाठी सोडली. मालकाने आपला हिस्सा कापून घेतला, उरलं ते मला दिलं. त्यानंतर दर गणपतीत ते लालबागला जायचे. दर्शनाच्या रांगेत उभे राहत नसत. आपल्या चाळीखाली अर्धा तास उभे राहायचे आणि परत यायचे. मी कधी विचारलं नाही.

आणखी एक. १९९५ च्या सुमाराला मुंबईत भाव गगनाला भिडले होते आणि मग आपटले. मी त्या पडत्या काळात घर घेतलं. हुशारी नव्हती, मुलगा पहिलीला जाणार होता म्हणून. आणि २००८ मध्ये सहावा वेतन आयोग लागला, जानेवारी २००६ पासूनची थकबाकी आली, त्यात मी कर्ज मुदतीआधी मिटवलं. तेव्हा पेढे वाटले होते, आठवतं ना? मुलाच्या खाजगी कंपनीत कसला आयोग आणि कसली थकबाकी. काटकसर आम्ही केली, खोटं नाही. हिने सात वर्षं नवी साडी घेतली नाही. पण नुसत्या काटकसरीवर मीही बदलापूरलाच असतो.

"हे घर शेवटी त्याचंच आहे" असंही मी म्हणत असतो. आहे. पण मला देवाने वडिलांएवढं आयुष्य दिलं तर तेव्हा तो साठीला आलेला असेल. रोज सकाळी लोकलमध्ये लटकण्याचं वय आत्ता आहे.

आपल्या आवारात क्रिकेट खेळून काचा फोडलेली मुलं मी परवा मोजली. बावीस. त्यातली या इमारतीत पाच राहतात, ती पाचही आईवडिलांच्या घरात. स्वतः इथे घर घेतलेला एकही नाही.

आता माझी एक कबुली. २०१२ च्या वार्षिक सभेत, लग्न न झालेल्या मुलामुलींना फ्लॅट भाड्याने देऊ नये, हा ठराव मीच मांडला होता. इतिवृत्तात माझं नाव आहे. माझी मुलगी गेल्या वर्षी पुण्यात नोकरीला लागली तेव्हा तिला चार सोसायट्यांनी याच कारणाने परत पाठवलं. रात्री फोनवर रडत होती. मी तिला काय सांगणार होतो?

जे घर घेऊ शकत नाहीत त्यांनी भाड्याने तरी राहावं की नाही? भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त आकार घेता येत नाही, हे सरकारने २००१ मध्येच ठरवलंय, त्यामुळे सोसायटीला त्यातून फार मिळत नाही हे मला मान्य आहे. त्रासही होतो, रात्रीचं येणं-जाणं, पार्किंग. त्याचे नियम करू. पण तो ठराव मागे घ्यावा असा अर्ज मी उद्याच देतोय. सचिवसाहेब, येत्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्याल ना? अनुमोदक मिळाला तर बरं, नाही मिळाला तरी मांडीन.

जेवण गार होतंय.