दोन पदकांचा वैमानिक

मंडळी, ओझरच्या बाजूने विमानाची घरघर आली की आपण अजूनही मान वर करून बघतो. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला तो आवाज नवा नाही. १९६४ सालापासून ओझरला विमानांचा कारखाना आहे. तिथे मिग विमाने बनली, पुढे सुखोई बनली. पण विमान चालवणारा माणूस आपल्याला दिसत नाही. तो फार उंचावर असतो. आज आम्ही अशाच एका माणसाची हकीकत सांगणार आहोत. त्यांचे नाव दिलीप परुळकर. पुढे ते पुण्यात राहत. लढाईच्या काळातल्या कामाबद्दल त्यांना दोन पदके मिळाली.

आधी पदक म्हणजे काय ते बघू. कुस्तीत जिंकले की ढाल मिळते, बैलांच्या शर्यतीत बक्षीस मिळते. तसे हे नव्हे. इथे हार-जीत मोजत नाहीत. माणूस कसा वागला ते बघतात. रणांगणावरच्या शौर्याचे सर्वांत मोठे पदक म्हणजे परमवीर चक्र. ते काशाचे असते. त्याच्या खालची महावीर चक्र आणि वीर चक्र मात्र चांदीची! मोल धातूचे नाही, हे यावरूनच कळते. परमवीर चक्राचा आकार ठरवला सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या जन्माने युरोपातल्या, लग्नाने मराठी घरच्या. याशिवाय हवाई दलाचे स्वतःचे वायुसेना पदक आहे, आणि उत्तम सेवेसाठी विशिष्ट सेवा पदक आहे. ही शेवटची दोन परुळकरांना मिळाली.

पहिले मिळाले १९६५ च्या लढाईत. त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांना १९६३ साली आपल्या नाशिकनेच लोकसभेवर बिनविरोध पाठवले होते. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले. तेव्हा विमाने पाठवायचा निर्णय चव्हाणसाहेबांनी काही मिनिटांत घेतला, असे सांगतात.

आता ही विमाने काय करतात? काही विमाने शत्रूच्या विमानाशी आभाळात झुंजतात. काही खाली उतरून रणगाडे, तोफा, पूल, आगगाड्या यांच्यावर मारा करतात. या दुसऱ्या कामात धोका फार. नेम धरायला खाली यावे लागते. खाली आले की जमिनीवरच्या तोफा आणि बंदुका तुटून पडतात. द्राक्षाच्या मांडवावर पाखरू खाली आले की गोफणीच्या टप्प्यात येते ना, तसेच.

परुळकरांचे तसेच झाले. शत्रूचा मारा विमानाला लागला. उजव्या खांद्याला जखम झाली. विमान खिळखिळे झाले होते. पुढच्या विमानातल्या म्होरक्याने सांगितले, विमान सोडा आणि छत्रीने उडी घ्या. सल्ला काही चुकीचा नव्हता. विमान पुन्हा मिळते, माणूस मिळत नाही. पण परुळकरांना वाटले, आपण विमान घरी नेऊ शकतो. त्यांनी जखमी खांद्यानिशी ते मोडके विमान तळावर आणून उतरवले. यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले.

सहा वर्षे गेली. १९७१ च्या डिसेंबरात पुन्हा लढाई. आता परुळकर सुखोई-७ हे विमान चालवत होते. हे रशियन बनावटीचे, एका माणसाचे, जमिनीवर मारा करणारे विमान. या लढाईत अशी बरीच विमाने जमिनीवरच्या माऱ्याने पडली. परुळकरांचेही पडले. ते छत्रीने उतरले आणि कैद झाले.

त्यांना रावळपिंडीच्या छावणीत ठेवले. आपले आणखी वैमानिक तिथे होते. लढाई संपली, महिने गेले, सुटकेचा पत्ता नाही. परुळकरांनी ठरवले, इथून निसटायचे. साथीला ग्रेवाल आणि हरिश सिंहजी. कोठडीची भिंत थोडी थोडी पोखरायची, निघालेली माती-विटा लपवायच्या, पहारेकऱ्याला सुगावा लागू द्यायचा नाही. हे काम उतावळ्या माणसाचे नव्हे. चौदा ऑगस्ट हा तिकडचा स्वातंत्र्यदिन. सणाच्या तोंडावर पहारा ढिला असणार, हे त्यांनी हेरले. १९७२ च्या १२ ऑगस्टच्या रात्री भोकातून तिघे बाहेर पडले.

आता जायचे कुठे? भारताची हद्द सोडून त्यांनी उलट वाट धरली, अफगाणिस्तानची. तिकडे कोण शोधणार? बसने पेशावर गाठले. पुढे कधी टांगा, कधी पायी, कधी बसचा टप, असे करत खैबर खिंडीतले लंडी कोतल गाव आले. सरहद्द उरली जेमतेम चार-पाच मैल. तिथे त्यांनी वाट विचारली, लंडी खानाला कसे जायचे? नकाशात ते रेल्वेचे ठेसन होते. पण ते ठेसन १९३२ सालीच बंद पडले होते! गावकऱ्यांना शंका आली. झाले, तिघे धरले गेले. जुन्या नकाशाने घात केला.

तो मुलूख पठाणांच्या टोळ्यांचा. तिथे हेर समजून मारले जायची भीती. परुळकरांनी डोके शांत ठेवले. छावणीचा आधीचा अधिकारी आता पाकिस्तानच्या हवाईदल-प्रमुखांचा मदतनीस होता. त्याला फोन लावा, असा त्यांनी आग्रह धरला. फोन लागला आणि जीव वाचले.

शिक्षा झाली. पण युद्धकैद्यांबाबत १९४९ चा जिनिव्हाचा करार आहे. पळून जाणे हा कैद्याचा गुन्हा धरत नाहीत. सापडला तर जास्तीत जास्त तीस दिवसांची शिक्षा. पुढे त्यांना लायलपूरच्या तुरुंगात नेले. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सरहद्दीवरून ते मायदेशी आले.

तुम्ही विचाराल, पकडलेले सगळे आले का? नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हेही सुखोई-७ चेच वैमानिक. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचे विमान पाकिस्तानात पडले. वाघ्याला आलेल्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई बॅडमिंटनच्या नामांकित खेळाडू, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. बाईंनी आयुष्यभर शोध घेतला. २००७ साली इतर कुटुंबांबरोबर पाकिस्तानातले तुरुंगही पाहून आल्या. पत्ता लागला नाही.

आणि परुळकरांना दुसरे पदक मिळाले ते या पळून जाण्याबद्दल, विशिष्ट सेवा पदक. पळणे फसले होते, हे ध्यानात घ्या. तरी सरकारने ते मोजले. कुणी म्हणेल, हे शौर्याचे नव्हे, सेवेचे पदक, म्हणजे खालचे. आम्हाला तसे वाटत नाही. खांद्याला जखम झाली तेव्हा विचाराला काही क्षण होते. भिंत पोखरताना रोज रात्री नव्याने मन घट्ट करावे लागले असेल.

परुळकर ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. आता दोन्ही पदकांची नावे फळ्यावर लिहितो. जोडाक्षरे आहेत, सावकाश वाचा: वायुसेना पदक, विशिष्ट सेवा पदक.