गाडीचा स्वतःचा भाग

इटलीतील टुरिन शहरात १९४७ च्या सुमारास घडलेली सिसितालिया २०२ ही स्पोर्ट्‌स मोटार पिनिन फरिना यांनी दिलेल्या देखण्या घाटामुळे पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जाऊन बसली. परंतु त्या पत्र्याआड जे इंजिन होते ते मुळात शर्यतीसाठी जन्मलेले नव्हते, तर फियाट ११०० या साध्या घरगुती मोटारीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन सुधारून तेथे बसवलेले होते. त्याच घराण्यातले, सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असलेले इंजिन मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये काही दशके तयार होत राहिले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीची मोटार १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत पोचली. मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड आणि इंग्लंडची ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्‌स मोटार यांचेही नाते असेच जवळचे होते. त्यामुळे परदेशातील स्पोर्ट्‌स मोटारीचा संग्राहक ज्या प्रश्नापाशी अडतो, त्याच प्रश्नापाशी वऱ्हाडातल्या दिग्रसच्या एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या पद्मिनीचा मालकही अडतो, आणि तो प्रश्न म्हणजे झिजलेल्या भागाच्या जागी कोणता भाग बसवावा.

असा भाग चार ठिकाणांहून येऊ शकतो. कंपनीच्या काळात बनलेला पण कधी न वापरलेला, दुकानाच्या माळ्यावर डबाबंद राहिलेला भाग हा पहिला. भंगारात गेलेल्या गाडीवरून उतरवलेला दुसरा. जुन्या नमुन्यावरून आज नव्याने ओतलेला किंवा कातलेला तिसरा. आणि गाडीचा स्वतःचाच, दुरुस्त करून पुन्हा जागेवर आलेला चौथा. बाजारात पहिल्याला सर्वाधिक मान आणि सर्वाधिक किंमत मिळते. तरीही जुन्या गाडीची खरी ओळख टिकवायची असेल तर चौथ्याचा विचार सर्वांआधी व्हायला हवा, कारण डब्यातला कोरा भाग कितीही अस्सल असला तरी तो त्या गाडीबरोबर रस्त्यावर धावलेला नसतो.

ब्रेकचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पायाने ब्रेक दाबला म्हणजे मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रवाला रेटतो आणि तो दाब नळ्यांतून चाकांजवळच्या छोट्या सिलिंडरांपर्यंत पोचतो. ब्रेकचा हा द्रव हवेतील ओल शोषून घेतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्या ओलीने सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि नवे रबर घातले तरी द्रव पाझरतच राहतो. अशा वेळी संपूर्ण सिलिंडर फेकून बाजारातली स्वस्त नक्कल बसवण्याचा मोह होतो, पण बाहेरचे ओतीव कवच, त्यावरच्या कारखान्याच्या खुणांसह, बहुधा धडधाकट असते. चांगला लेथ आणि मापाला पक्का कारागीर असेल तर आतला भाग थोडा मोठा कातून त्यात पितळेची किंवा न गंजणाऱ्या पोलादाची बाही बसवता येते आणि भोक पुन्हा कारखान्याच्या मूळ मापावर आणता येते. मात्र ब्रेकशी जिवाचा संबंध असल्याने असे काम झाल्यावर पूर्ण दाबाखाली गळती तपासल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नये. ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारे सांभाळण्यासाठी तालुक्याच्या गावांत जी लेथची कामे चालतात, त्यांतले कौशल्य या दृष्टीने मोलाचे आहे, आणि मोठ्या शहरातून पार्सलने मागवलेल्या खोक्यापेक्षा त्याची किंमत कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

इंजिनाच्या सिलिंडरांनाही हाच न्याय लागतो. झिजलेला सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, ओव्हरसाइझ पिस्टन घालणे ही रूढ रीत असली तरी प्रत्येक वेळी काही धातू कायमचा नाहीसा होतो. मर्यादा जवळ आली असेल तर लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत ठोकून बसवायची नळी, घालून ६८ मिलिमीटरवर परत येणे अधिक शहाणपणाचे ठरते, शिवाय नोंदणीपुस्तकातला क्रमांक असलेला ब्लॉकही गाडीतच राहतो.

रबराची गोष्ट मात्र अगदी उलट आहे, आणि येथेच अनेक हौशी माणसे फसतात. धातूचा भाग डब्यात चाळीस वर्षे टिकतो, रबर टिकत नाही. ते न वापरताही कडक होते, तडकते, त्यामुळे जुन्या साठ्यातली ब्रेकची वॉशरे किंवा पेट्रोलच्या नळ्या कंपनीच्या छापाच्या असल्या तरी त्या घेऊ नयेत. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि इथेनॉलपुढे जुन्या प्रकारचे रबर फुगते किंवा मऊ पडते, म्हणून गाडीतल्या पेट्रोलपंपाचा पडदा आणि नळ्या आजच्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच हव्यात. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे तो कोणत्या आठवड्यात व वर्षी बनला ते सांगतात. २३२४ असे असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला होय, आणि ते आकडे वाचल्याशिवाय टायरचे पैसे मोजू नयेत.

हवामानही निवड ठरवते. कोकणातली गाडी खालून गंजते, वऱ्हाडातली वरून तडकते. म्हणजे दिग्रसकडच्या गाडीचा तळपत्रा पुष्कळदा वाचलेला असतो, पण डॅशबोर्ड, काचांभोवतीची रबरे आणि रंग उन्हाने खाल्लेला असतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या घरात गेला की इंजिनाला चिकटलेल्या पंपातले पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडते आणि गाडी बंद पडते. जुने चालक पंपावर ओला फडका गुंडाळून हा प्रश्न सोडवीत. पंप आणि ब्लॉक यांमध्ये उष्णता अडवणारा थोडा जाड तुकडा घातल्यास, पंप चालवणाऱ्या दांड्याची लांबी सांभाळून, तेच काम कायमचे होते, आणि उद्या कोणाला मूळ रचना हवी असेल तर तो तुकडा काढूनही टाकता येतो.

आट्यांच्या बाबतीत तर तडजोड मुळीच नको. फियाटचे नटबोल्ट मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे, तर हेरल्डसारख्या इंग्रजी वंशाच्या गाडीचे इंचाच्या मापाचे असतात. दिसायला जवळ असणारा बोल्ट जोर लावून फिरवला की ओतीव भागातले आटे एकदाच आणि कायमचे मरतात. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांना डोक्यावर मजबुतीचा अंक कोरलेले, निदान कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच बोल्ट लावावेत, मग ते नवे का दिसेनात.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अशा नोंदणीचा विचार करणाऱ्याने दुसरे इंजिन बसवण्यापूर्वी जुना ब्लॉक खरोखरच निकामी झाला आहे काय, हे दोन जाणत्या मिस्त्रींना दाखवून घेतलेले बरे.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेल्या टुरिन सनदेचा आग्रह असा आहे की जे बदलले ते ओळखू यावे आणि शक्यतो उलट फिरवता यावे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. नव्याने कातलेल्या भागाच्या न दिसणाऱ्या बाजूला वर्षाचा छोटा छाप मारावा, एका वहीत तारीख, भागाचे नाव, माप आणि तो कोणी कातला हे लिहावे, आणि उतरवलेला जुना भाग तेल लावून, कापडात बांधून, चिठ्ठीसह लाकडी पेटीत ठेवावा; ती पेटी गाडी विकताना गाडीबरोबर जावी.