देश नसलेलीं माणसें

घर जळालें तर मनुष्य दुसरें उभारूं शकतो; परंतु ‘हा आमचा’ असें म्हणावयास कोणतेंच राज्य तयार नसेल, तर त्यानें जावें कोठें? निर्वासित आणि राष्ट्रहीन हे शब्द व्यवहारांत सरमिसळ वापरले जातात. कायदा मात्र त्यांत भेद करतो. छळाच्या सकारण भीतीनें जो स्वदेशाबाहेर आश्रय शोधतो तो निर्वासित. ज्याला कोणतेंहि राज्य आपल्या कायद्यानें नागरिक मानीत नाहीं तो राष्ट्रहीन. पहिल्याच्या रक्षणासाठीं १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, दुसऱ्यासाठीं १९५४ चा. हीं दोन्ही संकटें एकमेकांत कशीं गुंततात, हें आफ्रिकेंतील रवांडा या चिमुकल्या देशाच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

बेल्जमच्या अमलांत, १९३० नंतर, तेथील प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी वा त्वा अशी जमात नोंदली जाऊं लागली. नोव्हेंबर १९५९ मध्यें दंगली उसळल्या आणि हजारों तुत्सी कुटुंबें युगांडा, बुरुंडी, कांगो व टांगानिका या शेजारच्या मुलखांत गेलीं. १९६२ मध्यें रवांडा स्वतंत्र झाला, पण त्यांना दार उघडलें नाहीं. १९७३ मध्यें सत्तेवर आलेल्या हाब्यारिमाना यांच्या राजवटीची भूमिका अशी, कीं देशांत जागा नाहीं. जे जेथें आहेत त्यांनीं तेथेंच राहावें.

शेजाऱ्यांनीं तरी त्यांना आपलें म्हटलें काय? कांगोचें नांव तेव्हां झाईर होतें. तेथील किवू प्रांतांत रवांडाहून पूर्वीं येऊन वसलेल्या लोकांना १९७२ च्या कायद्यानें नागरिकत्व मिळालें. १९८१ च्या कायद्यानें तें गेलें. आपले पूर्वज १८८५ मध्यें त्या सीमांच्या आंत होते, असें दाखविण्याची अट त्यानें घातली. १९८२ मध्यें युगांडांतून रवांडावंशीयांना हुसकावण्यांत आलें. रवांडानें सीमा बंद केली आणि कित्येकजण दोन देशांच्या मध्यें अडकून पडले.

अशा वनवासांत वाढलेल्या पिढीनें ऑक्टोबर १९९० मध्यें युगांडांतून रवांडावर सशस्त्र चाल केली. जून १९९३ मध्यें आरुशा येथें झालेल्या करारांत परतण्याचा हक्क मान्य झाला. मात्र दहा वर्षांहून अधिक काळ बाहेर असलेल्यांनीं, दुसऱ्यांच्या ताब्यांत गेलेल्या जमिनीवर हक्क सांगूं नये, असाहि व्यवहारी सल्ला त्यांत होता. हा तोडगा अंमलांत येण्यापूर्वींच, एप्रिल १९९४ पासून, राजवटींतील अतिरेक्यांनीं तुत्सींचा वंशसंहार केला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानें सुमारे ८ लाख लोक मारले गेले. जुलैपर्यंत राजवट कोसळली आणि आतां सुमारे २० लाख लोक, बहुतेक हुतू, सीमेपार गेले.

पुढील कायद्यांवर या अनुभवाची छाया आहे. २००३ च्या राज्यघटनेनें ठरविलें, कीं १ नोव्हेंबर १९५९ ते ३१ डिसेंबर १९९४ या काळांत परकी नागरिकत्व घेतल्यामुळें ज्यांचें राष्ट्रीयत्व गेलें, तीं माणसें व त्यांचे वंशज परत येऊन राहिल्यास तें त्यांना आपोआप मिळेल. २००६ मध्यें रवांडा राष्ट्रहीनतेविषयींच्या १९५४ व १९६१ च्या दोन्ही करारांत सामील झाला. २०१४ मध्यें निर्वासितांसाठीं स्वतंत्र कायदा झाला.

परंतु कायदा पुस्तकांत असणें निराळें आणि कचेरींत पाळला जाणें निराळें. ब्रिटननें आपल्याकडील आश्रयार्थी रवांडास धाडण्याचें योजिलें, तेव्हां नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें ती योजना बेकायदा ठरविली. तेथें अर्जांची नीट छाननी न होतां माणसें पुन्हां संकटांत लोटलीं जाण्याचा खरा धोका आहे, असें न्यायालयाचें मत पडलें.

इकडे किझिबा येथील छावणी १९९६ मध्यें कांगोच्या निर्वासितांसाठीं उघडली. त्यांतील बहुतेक रवांडाचीच भाषा बोलणारे. कांगोच्या २००४ च्या कायद्यानें १९६० मध्यें तेथें असलेल्या जमातींना नागरिक मानलें. पण दाखला नसलेल्या कुटुंबानें तें सिद्ध करावें कसें? छावणींत जन्मलेल्या मुलाच्या हातीं जन्माचा साधा दाखला देणें हें म्हणूनच दयेचें काम नसून राज्याचें कर्तव्य आहे. तीस वर्षें दार बंद ठेवल्यानें काय होतें, हें रवांडाला दुसऱ्या कोणीं सांगावयास नको.