गृहविज्ञान मुलग्यांनाही हवे



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या विषयाची थोरवी गावी, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज विषयाच्या अवस्थेबद्दल बोलणार आहे. बारावीच्या विषयांच्या यादीत गृहव्यवस्थापन, बालविकास, वस्त्रशास्त्र ही नावे अजून आहेत. पण त्या वर्गात मुलगा शोधावा लागतो, आणि मुलींपैकीही कित्येकींना ‘तुला हेच झेपेल’ असे सांगून तिथे बसवलेले असते. या विषयाला उतरती कळा लागली, कारण आपण तो फक्त मुलींच्या पदरात टाकला. नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मुलगा असो वा मुलगी, तो प्रयोगांसह शिकवला गेला पाहिजे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

तो मुलींच्या पदरात का पडला, हे समजून घेतले तर पूर्वसुरींना दोष देण्याचे कारण उरत नाही. महर्षी कर्व्यांनी १९१५ साली सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून जपानच्या धर्तीवर महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ते उभे केले. त्याच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्राला आणि आरोग्याला मानाचे स्थान होते. १९३२ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुढाकाराने दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले. मुलीला शिकवायलाच घर राजी नव्हते, त्या काळात ‘संसाराला उपयोगी पडेल’ हे कारण तिला उंबऱ्याबाहेर आणणारे ठरले. त्या कारणाने किती जणींची शाळा वाचली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण ते ऋण मोठे आहे. चूक झाली ती पुढे, गरज संपल्यावरही आपण तेच कारण धरून बसलो तेव्हा.

ही चूक हंसा मेहतांनी फार लवकर ओळखली होती. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसे’ असा शब्दप्रयोग असावा म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या याच. १९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा त्या तिथे कुलगुरू होत्या. पुढे मुलगे आणि मुली यांच्या अभ्यासक्रमातील भेदाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. तिच्या अध्यक्षपदी त्याच होत्या, आणि १९६४ च्या अहवालाने असा भेद करू नये असे सांगितले. शिक्षणविषयक कोठारी आयोगाने तीच दिशा धरली आणि गृहविज्ञान मुलींवर सक्तीचे नसावे, असे मत दिले. मुलींवरची सक्ती उठली, हे योग्यच झाले. पण तोच विषय मुलग्यांपुढे ठेवण्याचे काम आपण केले नाही. अर्धीच सुधारणा झाली, आणि सक्ती गेल्यावर विषयालाच ओहोटी लागली.

आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाला या विषयातून काय मिळेल, हे एका उदाहरणाने सांगते. बारा हजारांचा फोन बारा हप्त्यांत, ‘फक्त बारा टक्के व्याज’ अशी जाहिरात असते. व्याज १,४४० रुपये, एकूण १३,४४० आणि दरमहा हप्ता १,१२०. यात फसवणूक कुठे आहे, असे मुले विचारतील. मग फळ्यावर दर महिन्याची बाकी लिहायची. पहिल्या महिन्यात बारा हजार, दुसऱ्यात अकरा, मग दहा, अशी शेवटच्या महिन्यात एक हजार. सरासरी बाकी निघते ६,५००. म्हणजे वर्षभर आपल्याकडे सरासरी साडेसहा हजारच होते, आणि व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर भरले. खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जातो. वर प्रोसेसिंग फी असेल तर आणखी चढतो. यासाठी लागणारे गणित सातवीतल्या मुलालाही येते. पण गणिताच्या तासाला हा फोन येत नाही आणि घरी हा फळा नसतो.

‘हे सगळे मुले घरी शिकतातच की,’ हा आपल्याला नेहमी ऐकावा लागणारा आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर इथेच मिळते. घराने पुष्कळ शिकवले. मटकीला मोड आणणे, पोह्यांवर लिंबू पिळणे, बाजरीच्या भाकरीसोबत पालेभाजी वाढणे हे आजीचे ज्ञान खरेच होते. कडधान्य भिजवून मोड आणले की लोहाच्या शोषणात अडथळा आणणारी फायटेट कमी होतात. लिंबातले क जीवनसत्त्व ते शोषण वाढवते. जेवणाला लागूनच घेतलेला चहा ते घटवतो. पण पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून पहिल्या तीन नावांतच पदार्थाची पारख होते, हे आजीला सांगता येणार नाही. तिच्या काळी घरातल्या बहुतेक वस्तू घरातच आकार घेत होत्या. आज त्या बाजारातून तयार येतात. सदोष वस्तूबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. तक्रारीचा असा अर्ज दहावीच्या वर्गात एकदा तरी हाताने लिहिला गेला पाहिजे.

आणि हा प्रश्न फक्त मुलींचा आहे, असे आकडेही सांगत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, आणि त्याच वयाच्या मुलग्यांत ३१ टक्के. मुलींचा आकडा भयंकर आहेच, पण दर दहा मुलग्यांमागे तिघांचे रक्त कमी असताना आहारशास्त्राचा धडा फक्त त्यांच्या बहिणींना का द्यायचा?

सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रीमुक्तीच्या चळवळीतून येतो, आणि मी त्याचा आदर करते. महत्प्रयासाने मुली स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या, त्यांना तुम्ही पुन्हा चुलीपाशी नेता का, असे त्या मैत्रिणी विचारतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७. शिवाय त्या दिवशी घरकाम केलेले पुरुष मुळात शंभरातले सव्वीसच होते. या आकड्यांपुढे आक्षेपाची धार बोथट करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. पण विषय बंद करून ही मिनिटे हललेली नाहीत. शाळेने गृहविज्ञान शिकवले नाही तर मुलगी ते घरी शिकतेच, काम म्हणून, मार्कांविना आणि कौतुकाविना. फक्त मुलगा त्यातून सुटतो.

जपानने वेगळी वाट धरली. तिथे उच्च माध्यमिक शाळेत हा विषय मुलींपुरता सक्तीचा होता. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला जपानने १९८५ मध्ये मान्यता दिली आणि १९९४ पासून हा विषय मुलगे व मुली दोघांनाही सक्तीचा झाला. जपानी पुरुष त्यामुळे घरकामाला लागले, असा दावा मी करणार नाही. त्यांचा वाटा अजून फारच थोडा आहे. एका तासिकेने पिढ्यांची सवय मोडत नाही. पण विषय सर्वांचा झाल्यावर त्याचे वजन वाढले: २०२२ पासून तिथल्या याच विषयात बचत आणि गुंतवणुकीचे शिक्षणही आले. मुलींपुरत्या राहिलेल्या विषयात हे घडले असते, असे मला वाटत नाही. तो करार भारतानेही १९९३ मध्ये मान्य केला आहे.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातले पाबळ पाहावे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी घडवलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन यांच्या बरोबरीने ‘गृह आणि आरोग्य’ हा त्याचा चौथा विभाग आहे. तिथे वेल्डिंग मुलीही करतात आणि हिमोग्लोबिनची तपासणी, पदार्थांचे पोषणमूल्य मुलगेही शिकतात. राज्य मंडळाने हा अभ्यासक्रम मान्य केलेला आहे, तोही साध्या ग्रामीण शाळांसाठी.

अभ्यासक्रमाच्या ओझ्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. नववीच्या जीवशास्त्रात, अर्थशास्त्रात, आरोग्य शिक्षणात आपला निम्मा मजकूर तुकड्यातुकड्यांनी आधीच विखुरलेला आहे. तो एकत्र आणला तर आठवड्याला तीन तासिका पुरतात. खरी अडचण शिक्षकांची आहे. मुलग्यांच्या शाळांत या विषयाचे पद नाही, आणि गृहविज्ञानाच्या पदवीधरांतही पुरुष क्वचितच भेटतात. म्हणून या अधिवेशनाच्या ठरावात दोन मागण्या स्पष्ट असाव्यात, अशी माझी विनंती आहे: प्रत्येक माध्यमिक शाळेत, मुलग्यांच्या शाळेसह, या विषयाचे एक मंजूर पद, आणि गृहविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमांत मुलग्यांना प्रवेश. ज्या महाविद्यालयांचे दरवाजे आज त्यांना बंद आहेत, तिथल्या प्राध्यापिका या सभागृहात मोठ्या संख्येने बसल्या आहेत. या दुसऱ्या मागणीवर दुपारच्या सत्रात आधी त्यांनीच बोलावे.