तपासणी दोघांची, आधी त्याची



लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की सून एकवीरामातेला नवस बोलते, उपास धरते. मग सोनोग्राफी, रक्त, गर्भनळ्यांचा एक्स-रे. तो चांगलाच दुखतो. डोहाळजेवणाचं बोलावणं येत नाही. आलंच तर ओटी भरायला तिला कुणी पुढे करत नाही. हे सगळं होईस्तोवर नवऱ्याची एक साधी तपासणी झालेली नसते. वीर्यतपासणी. रेडिओवर ऐकून दचकू नका.

कापूस उगवला नाही तर आपला शेतकरी नुसती जमिनीला नावं ठेवत नाही. बियाण्याची पिशवी, पावती जपतो, लॉट नंबर बघतो, पंचायत समितीत तक्रार देतो. माणसं येतात, ओल बघतात, पेरणीची खोली बघतात, बियाणंही बघतात. नांगे पडले म्हणून रान कुणी टाकून देत नाही. घरात मात्र लगेच दुसरी करायची भाषा! पहिली असताना दुसरं लग्न हा 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं गुन्हा आहे आणि मूल न होणं हे त्या कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही.

मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषातही काही ना काही दोष सापडतो. मोठेपणी झालेले गालगुंड, अंडकोशाच्या फुगलेल्या शिरा, तंबाखू. पुष्कळदा उपायही असतो. नमुना देण्याआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळायचा. पहिला रिपोर्ट वाईट आला तर तपासणी पुन्हा करायची, एका कागदावर निकाल लावायचा नाही.

आणि कित्येक जणी नवऱ्याचा तसा रिपोर्ट पेटीत कपड्यांखाली लपवतात. चारचौघांत त्याची मान खाली जाऊ नये म्हणून वांझपणाचा शिक्का स्वतःवर घेतात. त्याच घरात मग त्यांना टोमणे ऐकावे लागतात. दादा, तुम्हाला ठाऊक असून तुम्ही गप्प कसे बसता?



तेव्हा, वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा बाई पस्तिशीपुढची असेल तर 6 महिन्यांतच, धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाहीतर जवळच्या डॉक्टरांकडे जोडीनं जा. सासूबाई, सुनेबरोबर लेकालाही पाठवा. आधी त्याचीच तपासणी करा.