सी विंगमधला आवाज
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा सचिवांनी विषय दिला होता, ‘सोसायटीची आर्थिक शिस्त’. मी अकरा वर्षं खजिनदार होतो, तेव्हा त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण सिंकिंग फंडावर मी दर वार्षिक सभेत बोललो आहे आणि दर वेळी निम्मी सभा चहाच्या किटलीकडे बघत होती. म्हणून परवानगी घेऊन विषय बदललाय. सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून गेली तीन वर्षं जो आवाज येतो, त्याबद्दल बोलणार आहे. बी विंगमधल्या काकूंनी सुरुवातीला सचिवांना विचारलं होतं, ‘त्यांच्याकडे फर्निचरचं काम चाललंय का?’ काकू, ती माझी गिटार होती. सभासद या नात्याने खुलासा करणं मी माझं कर्तव्य समजतो.

मी मूळचा सांगलीचा. १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन चार वर्षं झाली होती, नव्या शाखा निघत होत्या, आमच्यासारख्या बी.कॉम. पोरांना नोकऱ्या मिळत होत्या. त्याच वर्षी ‘यादों की बारात’ आला. त्यातल्या आशाबाई आणि रफीसाहेबांच्या त्या गाण्याची सुरुवात आठवते ना? आधी काचेच्या ग्लासावर चमच्याचा टिणटिण आवाज आणि मग गिटार. ती गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की आपल्याला हे वाजवायचंय.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळे घर त्यांच्याच खांद्यावर. स्वतःला एकच चैन, शीळ वाजवायची. संध्याकाळी सायकलवरून येताना ‘सोलवाँ साल’मधलं हेमंतकुमारांचं ते माउथ ऑर्गनवालं गाणं शिळेवर वाजवत यायचे. गल्लीच्या तोंडाला शीळ ऐकू आली की आई चहाचं आधण ठेवायची. त्या गाण्यातला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवलाय. १९५८ चा सिनेमा, म्हणजे एकोणीस वर्षांचं पोरगं होतं ते.

१९७४ च्या दिवाळीत अण्णांना बोनस मिळाला. त्यातून त्यांनी मला कोलकात्याच्या बनावटीची एक गिटार आणून दिली. वहिनींना त्या वर्षी साडी झाली नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, मी बघितलं. गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एकांकडे दोन वर्षं शिकलो, बँकेच्या स्नेहसंमेलनात तीन-चारदा वाजवलं, टाळ्याबिळ्या पडल्या. १९८१ ला ऑफिसर म्हणून प्रमोशन झालं आणि बदली लागली मराठवाड्यात. एक ट्रंक, एक वळकटी. गिटार सांगलीच्या माळ्यावर गेली. मग लग्न, मुलं, पुन्हा बदल्या, ऑडिट, शेवटी सातारा. इथे २००० साली आपण हा ब्लॉक घेतला, २०११ ला निवृत्त झालो. या सगळ्या वर्षांत मी गिटारची एकदाही चौकशी केली नाही. अण्णा मात्र दर दसऱ्याला ती माळ्यावरून काढायचे, फडक्याने पुसायचे, हळद-कुंकू लावायचे आणि परत ठेवायचे.

२०१९ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं. अण्णांच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं. दोघांना बोटीतून काढलं. वहिनी सांगतात, औषधाची पिशवी आणि कागदपत्रं घेतल्यावर हे परत माळ्याकडे निघाले, तेव्हा बोटीतला पोरगा ओरडला, ‘आजोबा, जीव मोठा का पेटी मोठी?’ पाणी माळ्यापर्यंत चढलं नाही. पण ओलीत आठवडाभर राहून गिटारची पाठ सुटली. पूर ओसरल्यावर मी गेलो, तेव्हा अण्णांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘पंचेचाळीस वर्षं मी सांभाळली. आता घेऊन जा की बाबा.’ मी आणली आणि इथे कपाटामागे ठेवली. पुढे लॉकडाउन झालं, घरात बसून कंटाळा आला, तरी काढली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू आणि वाचा गेली. समजतं सगळं, माणसं ओळखतात, पण शब्द फुटत नाही. रोज रात्री फोनवर आम्ही दहा मिनिटं बोलायचो, पावसापाण्याचं, तब्येतीचं, हळदीच्या भावाचं. ते थांबलं. व्हिडिओ कॉलवर मी एकटाच बोलायचो आणि ते बघत राहायचे. दोन-तीन मिनिटांत माझ्याजवळचं बोलणं संपायचं. हिशेब विचारणाऱ्या साहेबासमोर कधी इतका अवघडलो नव्हतो. तेव्हा गिटार कपाटामागून निघाली.

आधी दुरुस्ती. मिरजेला एका कारागिराकडे नेली. मिरजेची सतार-तंबोऱ्याची परंपरा तुम्हाला माहीत आहेच. फरीदसाहेबांपासून चालत आलेली, मूळची ही शिकलगार मंडळी, हत्यारांना धार लावणारी, ती वाद्यांकडे वळली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, वाळवायचे आणि त्याचे तंबोरे करायचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जी.आय. मानांकनही मिळालं. कारागीर म्हणाले, ‘काका, आम्ही सतारीची माणसं. पण लाकूड शेवटी लाकूडच.’ त्यांनी पाठ चिकटवली, पडदे घासले, घोडी थोडी खाली घेतली, म्हणजे तारा कमी दाबाव्या लागतील. वर स्पष्ट सांगितलं, की एवढ्या पैशांत नवी आली असती. ते मला मान्यच होतं.

आता शिकवायला कोण? इथे साताऱ्यात क्लास आहेत, पण तिथे बाकीची सगळी आठवी-नववीची मुलं आणि संध्याकाळची वेळ. सौ.च्या गुडघ्यांमुळे संध्याकाळी मला घरात असावं लागतं. नातवाने पुण्याहून सुचवलं, ‘आजोबा, ऑनलाइन शिका.’ मी घाईने एका ठिकाणी वर्षाची वर्गणी भरून टाकली. दोनशे व्हिडिओ मिळतील म्हणे. त्यातले मी चार बघितले. ते पैसे बुडीत खात्यात टाकले. मग यूट्यूबवर भटकलो. तिथे जस्टिन सँडरको म्हणून मूळचा टास्मानियाचा, ऑस्ट्रेलियातला, एक शिक्षक भेटला. हा गृहस्थ २००३ पासून इंटरनेटवर मोफत धडे देतोय. त्याचा एक व्यायाम आहे: एक मिनिट घड्याळ लावायचं, दोनच कॉर्ड घ्यायच्या आणि एकीवरून दुसरीवर किती वेळा जाता येतं ते मोजायचं. हे माझ्या स्वभावाला पटलं. मी वही घातली. पहिल्या दिवशीची नोंद आहे, सी ते जी, मिनिटाला नऊ. गेल्या आठवड्याची चौतीस. तेविसाव्या वर्षी मी किती करत होतो ते माहीत नाही, तेव्हा वही नव्हती.

पण नुसतं बघून भागेना. चुकतंय हे कळायचं, काय चुकतंय ते कळायचं नाही. म्हणून पुण्यातले एक शिक्षक धरले. वय वर्षं सव्वीस. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात. पहिल्या तासाला त्यांनी वाजवायला सांगितलं, मी वाजवलं, आणि ते म्हणाले, ‘काका, आवाजच येत नाहीये.’ अर्धा तास त्यातच गेला. व्हिडिओ कॉलमध्ये अशी सोय असते, की माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवायचं आणि बाकीचा आवाज गोंगाट समजून गाळायचा. माझी गिटार गोंगाटात जमा झाली होती! त्याबाबतीत त्या यंत्राचं आणि बी विंगचं एकमत होतं. सेटिंगमध्ये जाऊन ती गाळणी बंद केली, तेव्हा सूर पोचला. दुसरी गोष्ट, दोघांनी एकत्र वाजवता येत नाही. आवाज पोचायला निमिषभर उशीर होतो, तेवढ्यात ताल मोडतो. म्हणून सर आधी वाजवतात, मी ऐकतो, मग मी वाजवतो, ते ऐकतात.

तोटेही सांगितले पाहिजेत. चार महिने मी डाव्या हाताचा अंगठा चुकीचा धरत होतो. कॅमेरा समोरून होता, अंगठा गिटारच्या मागे. सरांना दिसणार कसा? एकदा मोबाइल हलून तिरका झाला म्हणून ते पकडलं गेलं. समोर बसलेल्या गुरूने पहिल्या दिवशी हातावर चापट मारली असती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसमोर बसून विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले ते आपल्या मिरजेतच. पण त्याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गुरूच्या घरातलं गाणं वर्गात आणलं, वेळापत्रक आणि स्वरलिपी लावून. त्या काळच्या बुजुर्गांना ते आजच्या ऑनलाइनइतकंच विचित्र वाटलं असणार, असं आपलं माझं मत.

हाताचं विचाराल तर डाव्या हाताची अनामिका सकाळी वाकलेलीच राहते, सोडवताना टक् करते. डॉक्टरांनी गिटार बंद करा म्हटलं नाही, वीस मिनिटांच्या वर नको म्हणाले. म्हणून गरम पाण्यात हात, मग वीस मिनिटं, मग विश्रांती. तारा सगळ्यांत बारीक लावल्यात. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत, त्यामुळे पेन्शनसाठी हयातीचा दाखला देताना बोटाचा ठसा मशीनवर उमटेना. शेवटी अंगठ्याने काम भागलं. एफची कॉर्ड अजून नीट येत नाही. तिच्यात एकाच बोटाने सहाही तारा दाबायच्या असतात. सरांनी मला चार तारांची धाकटी एफ दिली आहे. म्हणाले, ‘काका, गाण्याला फरक पडत नाही.’ पडतो, पण ते चांगले आहेत.

सरांनी अजून एक गोष्ट लावून घेतली, की स्वतःचं वाजवणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं. वाजवताना वाटतं छान झालं. ऐकल्यावर कॅश टॅली होत नाही. पहिली दोन रेकॉर्डिंग मी ऐकली आणि पुसून टाकली. तिसरं ठेवलंय.

दर रविवारी सकाळी साडेदहाला पुतण्या सांगलीहून व्हिडिओ कॉल लावतो, अण्णांच्या उशाला मोबाइल उभा करतो आणि मी वाजवतो. तेच गाणं, शिळेवरचं. आता काकूंना कळलं असेल, तीन वर्षं एकच गाणं का. पहिल्यांदा मी अडखळत वाजवलं, तेव्हा अण्णा छताकडे बघत होते. मला वाटलं, उगाच केलं. पाच-सहा रविवारांनंतर वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, त्यांचा डावा हात बघा.’ हात कॉटच्या दांडीवर ठेका धरत होता. आणि मी लय ओढली, की तो थांबायचा. थांबून वाट बघायचा. सरांनी सांगून जे होत नव्हतं ते त्या हाताने करून घेतलं, मी आता धावत नाही.

गेल्या दिवाळीत गिटार घेऊन एसटीने सांगलीला गेलो. समोर बसून वाजवायचं म्हटल्यावर हात थरथरायला लागला. अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर, जिथे ती एफ येते, तिथे अडकलो आणि थांबलो. खोलीत कुणी बोललं नाही. आणि अण्णांनी पुढची ओळ गुणगुणली. शब्द नाहीत, नुसता सूर, पण सरळ, जिथे मी सोडलं होतं तिथूनच. वहिनी स्वयंपाकघरातून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मग मी मागून गिटार धरली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं गेलं तरी गाणं राहतं. त्यावरून बोलणं परत येईल असं धरून चालू नका, असंही म्हणाले. वर्ष होत आलं, बोलणं आलेलं नाही. रविवार चालू आहेत.

सोसायटीचे आभार मानायचे राहिले. कार्यकारिणीने माझ्यासाठी वेळ ठरवून दिली, सकाळी अकरा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सहा. दुसऱ्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा नुसत्या कानाने तारा लावून देतो. मला अजून मोबाइलवरचा ट्यूनर लागतो. बोट फार दुखलं म्हणून मागे चार दिवस वाजवलं नाही, तर गेटवरचे वॉचमन वर येऊन विचारून गेले, ‘आजोबा, बरं आहे ना?’

सांस्कृतिक सचिव घड्याळ दाखवताहेत. गिटार मी आणली आहे, खुर्चीमागे आहे. आज रविवार नाही, पण पुतण्याने सांगलीला कॉल जोडून ठेवलाय. हा मोबाइल कुणीतरी माझ्यासमोर असा धरा, थोडा तिरका, म्हणजे अंगठाही दिसेल.