बंबवाल्यांचे हातमोजे

ओल्या फडक्याने तापलेले भांडे उचलू नये, ही गोष्ट कोणत्याही स्वयंपाकघरात मुद्दाम शिकवावी लागत नाही. एकदा बोट पोळले की ती जन्मभर लक्षात राहते. फडके कोरडे असेल तर चुलीवरचे पातेले सहज खाली उतरते. तेच फडके भिजलेले असेल तर पातेले वाटेतच टाकून द्यावे लागते. याचे कारण अगदी साधे आहे. कोरड्या कापडाच्या धाग्याधाग्यांत हवा कोंडलेली असते, आणि उष्णता वाहून नेण्याच्या कामी हवा मोठी आळशी. पाणी तसे नाही. स्थिर हवेच्या मानाने पाण्यातून उष्णता सुमारे २४ पट अधिक वाहते. गृहिणीला ठाऊक असलेली ही गोष्ट बंबवाल्यांसाठी हातमोजे खरेदी करणाऱ्यांना ठाऊक नसते असे नव्हे. परंतु खरेदीच्या कागदावर ती क्वचितच उतरते. आणि बंबवाल्याचे सारे आयुष्य तर आग व पाणी या दोहोंच्या मधोमध जावयाचे.

हा प्रश्न मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांत अधिक अडचणीचा आहे. त्यासाठी वाशीम जिल्ह्याकडे पाहावे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः शेतीवर जगतो. सोयाबीन, तूर आणि कापूस ही त्याची पिके. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापून रचलेल्या सोयाबीनच्या गंज्या शेतोशेती उभ्या असतात. त्यानंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे लागतात. उन्हाळा आला म्हणजे कुटाराचे ढीग आणि गोठे काडेपेटीसारखे कोरडे होतात. कारंजा तर कापसाच्या व्यापाराचे जुने ठाणे. तेथून मूर्तिजापूरकडे जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंद मापाची आगगाडी आता थांबली आहे. पण वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच ती एके काळी टाकली गेली होती. अशा मुलखात आगीची वर्दी येते तेव्हा धावून जाणारा बंब बहुधा नगरपरिषदेचा असतो, त्याच्यावरची माणसे मोजकी असतात, आणि तीच माणसे आज गंजीवर, उद्या जिनिंगमध्ये व परवा महामार्गावर जातात. त्यांच्या अंगावर जे काही सामान असेल ते या सर्व प्रसंगांना पुरे पडावे लागते.

कापसाची आग ही मोठी फसवी आग आहे. वेचणीच्या वेळी कापसात गेलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनाच्या पोलादावर आपटतो, ठिणगी पडते, आणि ती रुईबरोबर पुढे सरकते. मोकळी रुई भपकन पेटते व वरवर जळून जाते. ती डोळ्यांना तरी दिसते. परंतु ठिणगी गाठीत दाबली गेली म्हणजे खरी पंचाईत. १७० किलो रुई यंत्राने दाबून पट्ट्यांनी आवळली की तिच्यात पाणी शिरत नाही, पण आग मात्र आतल्या आत, ज्वाळा न दाखविता, धुमसत राहते. वरून बंबाने कितीही पाणी मारले तरी गाठ बाहेरून भिजते आणि पोटात जळते. मग एकच उपाय उरतो. पट्ट्या तोडावयाच्या, गाठ फोडावयाची, आणि रुईचे थर हाताने वा आकड्याने ओढून ओढून एकेक थर विझवावयाचा. हे काम तासन् तास चालते, कधी दिवसभरही. तुटलेल्या पट्टीची कड सुरीसारखी असते. थराखाली निखारा असतो. आणि मोजा तर पहिल्या काही मिनिटांतच भिजलेला असतो. भिजलेल्या मोज्यात निखाऱ्याची धग शिरली म्हणजे त्यातील पाण्याची वाफ होते. त्या वाफेने पोळलेला हात बाहेरून पाहिला तर मोजा शाबूत दिसतो!

धुमसत्या कापसाचा हा स्वभाव मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाच्या पोटात आग लागली. त्या जहाजावर कराचीस चढविलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्येही होती. बंबवाले दुपारभर पाण्याचा मारा करीत राहिले; गाठींमधली आग काही हाती लागली नाही; आणि चार वाजून गेल्यावर जहाजाचा स्फोट झाला. मुंबईच्या अग्निशामक दलातील ६६ माणसे त्या दिवशी कामी आली. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या स्फोटापुढे कोणताही हातमोजा उपयोगी पडला नसता, हे उघड आहे. तथापि कापसाच्या आगीशी झुंजणाऱ्या माणसाचा हात किती वेळ आगीच्या निकट असतो, हे त्या दुपारीवरून ध्यानात यावे.

आता हातमोजा निवडताना पहिली चूक कोठे होते ते पाहू गेल्यास असे दिसते की, जाड तितका चांगला अशी सामान्य समजूत आहे. जाड मोजा उष्णता अधिक अडवितो हे खरे. परंतु बंबवाल्याच्या हाताला नुसती ढाल व्हावयाचे नसते. त्याला काम करावयाचे असते. पाण्याच्या नळीचे उदाहरण घ्यावे. आपल्या देशात बंबाच्या नळ्या ६३ मिलिमीटरच्या झटपट जोडणीच्या असतात. जोडताना एक तोंड दुसऱ्यात दाबले की ते खटकन बसते. सोडविताना मात्र दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे खटके बोटांनी एकदम ओढावे लागतात. मोजा रजईसारखा फुगीर असेल, बोटांची टोके रिकामी लोंबत असतील, तर हे खटके पकडीतच येत नाहीत. मग माणूस काय करतो? तो दाताने मोजा ओढून काढतो, कमरेला खोचतो आणि उघड्या हाताने काम करतो. मनुष्यस्वभावच असा आहे. घाईच्या वेळी जे साधन आड येते ते माणूस बाजूला टाकतो, आणि भाजण्याची पाळी नेमकी त्याच वेळी येते. सर्वांत महागडा मोजा जर खिशात राहिला, तर स्वस्त मोज्याइतकाही त्याचा उपयोग नाही.

म्हणून मापाचा प्रश्न हा कापडाच्या व कातड्याच्या प्रश्नाआधी यावयास हवा. बांगड्या भरताना कासार हात हातात घेतो, पंजा किंचित दाबून पाहतो, आणि टोपलीतून नेमक्या मापाच्या बांगड्या काढतो. सगळ्या गावाला एकाच मापाच्या बांगड्या तो कधी विकीत नाही. तरीही हातमोज्यांची मागणी नोंदविताना ‘एकच माप, सर्वांस चालेल’ असे लिहिण्यास कोणाची लेखणी अडत नाही. वास्तविक माप घेणे फार सोपे आहे. शिंप्याची फीत घ्यावी; अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यापासून बोटांच्या बाजूला सुमारे २ सेंटिमीटर सरकून तळहाताचा घेर मोजावा; मग मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. युरोपीय मानकाप्रमाणे घेर २०३ मिलिमीटर असेल तर ८ क्रमांक, २२९ असेल तर ९, आणि २५४ असेल तर १०. हा क्रमांक म्हणजे तळहाताच्या घेराचे इंचच होत, हे लक्षात ठेवले की कोष्टकाची गरजही उरत नाही. लांबीही पाहावी, कारण ९ क्रमांकाच्या हाताची लांबी १९२ मिलिमीटर धरलेली असते आणि निमुळत्या लांब बोटांचा माणूस निव्वळ घेराने फसतो. दलात जी काही माणसे असतील त्यांचे हात मोजण्यास एक सकाळ पुरते.

घट्ट मोजाही वाईटच. मोजा ताणून बसला की अस्तर दबते, त्यातली हवेची पोकळी नाहीशी होते, आणि मूठ आवळताच बोटांच्या पेरांवर कातडे थेट टेकते. पोळण्याच्या खुणा बहुधा याच जागी उमटतात. बोटांच्या टोकांशी किंचित मोकळीक असावी, पण चिमटीत नाणे उचलता यावे, दोरीची गाठ मारता यावी, बिनतारी संचाची कळ दाबता यावी.

कातड्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. बाभळीच्या सालीने कमावलेले कातडे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले; मोटेला व जोड्याला ते उत्तम. परंतु ओले असताना ते उकळत्या पाण्याच्या कितीतरी आधीच आकसते, आणि आकसलेला मोजा हातातून निघत नाही. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले कातडे उकळते पाणीही सोसते. म्हणून बंबवाल्याच्या मोज्यास तेच घ्यावे. हल्ली ॲरामिड जातीच्या धाग्यांचे कापडही वापरतात. नोमेक्स व केव्हलार ही त्यांतली प्रसिद्ध नावे. हे धागे आगीत वितळून कातडीला चिकटत नाहीत. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे अस्तर मात्र वितळते, तेव्हा बाहेरचे कातडे कितीही चांगले असो, आत काय घातले आहे ते उलटून पाहिल्यावाचून मोजा पसंत करू नये. अस्तराची आणखी एक खोड आहे. घामेजलेला हात बाहेर काढताना बोटांचे अस्तरही त्याच्याबरोबर उलटे बाहेर येते, आणि मग तो मोजा पुन्हा घालता येत नाही. दुकानात कोरड्या हाताने हे कधीच कळावयाचे नाही. बादलीत हात बुडवून तोच मोजा आठ-दहा वेळा घालून काढून पाहावा.

बंबवाल्यांच्या मोज्यांसाठी जे युरोपीय मानक आहे, त्याचा क्रमांक ६५९, त्यात काही अटी घालून दिल्या आहेत. २५० अंश सेल्सिअस तापलेल्या पृष्ठभागाला टेकला असता किमान १० सेकंद मोज्याने तग धरावा. १८० अंशांच्या भट्टीत ५ मिनिटे ठेवल्यावर तो शेकडा ५ हून अधिक आकसू नये. खरखरीत कागदाचे २,००० फेरे सोसूनही त्यास भोक पडू नये. आणि तो ३ सेकंदांत हातातून निघावा. यांपैकी १० सेकंद हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. त्याचा अर्थ तापलेली वस्तू खुशाल धरून बसावे असा नव्हे. ती बाजूला सारून हात मागे घेण्यापुरती ती सवड आहे. कातडीचे तापमान ४४ अंशांच्या आसपास पोचले की वेदना सुरू होते, आणि ५५ अंशांच्या सुमारास फोड येतात. मधले अंतर किती थोडे आहे पाहा.

मनगटाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. विणीचा आवळ काठ असलेला मोजा कोटाच्या बाहीखाली बसतो. रुंद तोंडाचा लांब मोजा बाहीवरून चढतो. विकत घेण्यापूर्वी कोट घालून दोन्ही हात डोक्यावर उंच करावेत. मनगटाची कातडी दिसली तर तो मोजा त्या कोटाचा नव्हे. छपरावर पाणी मारताना हात वरच असतात, आणि वरून पडणारा निखारा रुंद तोंडाच्या मोज्यात गेला तर तो थेट तळहातापर्यंत घरंगळतो.

विजेच्या बाबतीत तर एक भ्रम मुळातच दूर केला पाहिजे. उष्णतेचा मोजा विजेपासून वाचवीत नाही, भिजल्यावर तर मुळीच नाही. त्यासाठी रबराचे वेगळे मोजे भारतीय मानक ४७७० प्रमाणे मिळतात. ते बंबावर निराळे ठेवावेत, आणि त्यांनी आगीत हात घालू नये.

आता वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि १ जुलै २०२३ च्या पहाटे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ एक प्रवासी बस उलटून पेटली. २५ माणसे गेली. असल्या प्रसंगी काचेचे तुकडे, फाटलेला पत्रा आणि अडकलेली माणसे यांत हात घालावा लागतो. जखमी माणसाला सीटखालून सोडविण्यास आगीचा जाड मोजा बोजड पडतो. तेथे चिरण्यास टिकणारा, पातळ, बोटांना मोकळा असा दुसरा जोड लागतो. दोन जोड ही चैन नव्हे. शिवाय एक जोड भिजला असता दुसरा कोरडा हाताशी असणे, हाच ओल्या फडक्याच्या दुखण्यावरचा खरा इलाज आहे.

मोज्याचे आयुष्य मात्र घेणाऱ्यापेक्षा ठेवणाऱ्याच्या हाती असते. ओला मोजा बंबाच्या तापलेल्या इंजिनावर वाळत घालण्याची सवय सर्रास आढळते. त्याने कातडे पापडासारखे कडक होते व पुढल्या आगीत घडीवर तडकते. कोमट पाणी व सौम्य साबण यांनी धुऊन, बोटे वर करून, सावलीत वारा लागेल असा तो टांगावा. काजळी धुणे ही केवळ टापटीप नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली बंबवाल्याचा व्यवसायच कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातला. काजळीचा मोजा काढून त्याच हाताने चहाचा पेला उचलणे, किंवा तो मोजा घरी नेऊन मुलांच्या कपड्यांशेजारी टाकणे, यात काय आहे ते यावरून समजावे.

दर महिन्यास जोड उलटून शिवणी तपासाव्यात. अंगठ्याच्या बेचक्यातील शिवण सर्वांआधी उसवते. ती घरच्या सुती दोऱ्याने शिवून चालवू नये, कारण सुती दोरा आगीत जळतो आणि मोजा नेमका तेथेच उघडतो. उजव्या हाताचा मोजा बहुधा डाव्याआधी झिजतो. तो टाकला की डावा तसाच पेटीत पडून राहतो. काही दिवसांनी पेटीत मोजे पुष्कळ दिसतात, कागदावर साठाही पुरेसा भरतो, आणि वर्दी आल्यावर पेटी उघडावी तो सारे डाव्या हाताचे. साठा मोजणाऱ्याने म्हणून नग मोजू नयेत, जोड मोजावेत, आणि प्रत्येक जोड ज्याच्या मापाचा त्याच्या हातात एकदा घालून पाहावा.